पुडा फोडायचा नाही: रासायनिक समीकरणं कशी जुळवायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते ध्यानात राहील. मुलगी दहावीला आहे. 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या धड्यात तिची गाडी अडली आहे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की ती सूत्राच्या आतलाच आकडा बदलून मोकळी होते. क्लासचे सर म्हणतात, उत्तरं पाठ कर. वरून आजोबांनी पाचर मारून ठेवली आहे: "चुलीत भाराभर लाकूड घालतो, मूठभर राख निघते. मग वस्तुमान कायम राहतं हे कोणत्या तोंडानं सांगता?" आणि तुमचं स्वतःचं विज्ञान दहावीनंतर सुटलं, म्हणून चिन्हं कमी वापरून सांगा, अशी तुमची अट. मान्य. खाली मी नावंच लिहितो. मुलीनं वहीत चिन्हं लिहावीत.

नागपुरात अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पटली आहे. समीकरण न जुळणारी पोरं गणितात कच्ची नसतात. तीच पोरं बर्डीच्या बाजारात घासाघीस करून पाच रुपयांचा हिशेब सोडत नाहीत. त्यांची अडचण वेगळी असते. वायूला वजन असतं यावर त्यांचा मनापासून विश्वास नसतो, आणि सूत्राच्या आतल्या बारीक आकड्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. या दोन गाठी सुटल्या की उरतं ते अर्ध्या तासाचं काम.

आधी आजोबा. त्यांची शंका फालतू नाही, रसायनशास्त्र तिथूनच सुरू झालं.

कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे १० किलो लाकडात ५ किलो. आता १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. त्या हिशेबानं ५ किलो कार्बनचा १८ किलोंच्या वर वायू होतो. १० किलो लाकडातून १८ किलो वायू! वर पाण्याची वाफ वेगळीच. राख म्हणजे लाकडात मुळात असलेले क्षार, जे जळतच नाहीत. आजोबांना दिसते ती राख. धुराड्यातून गेलं ते कुणी तोललं नाही, आणि चुलीत हवा किती शिरली तेही नाही.

नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी आपण 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पुतळा जाळतो. पिडा जाते की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. बांबू-कागदातला कार्बन मात्र कुठं जात नाही, तो शहराच्या हवेतच राहतो.

लाकूड नको असेल तर घरचा सिलिंडर घ्या. त्यात १४.२ किलो गॅस असतो, प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. सोयीसाठी सगळं ब्यूटेन धरू. तो पूर्ण जळायला हवेतला जवळपास ५१ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी तयार होतं. बेरीज करून बघा: इकडे १४.२ अधिक ५०.९, तिकडे ४३.१ अधिक २२. दोन्हीकडे ६५.१. दर सिलिंडरमागे स्वयंपाकघरात २२ लिटर पाणी तयार होतं हे ऐकून माझी बायको माझ्याकडे संशयानं पाहत होती. मग मी गार पाण्यानं भरलेला गंज (आपल्याकडचा गंज, म्हणजे पातेलं, लोखंडाला चढतो तो नव्हे) कोरडा पुसून शेगडीवर ठेवला. पहिल्या मिनिटभरात बुडाला बाहेरून दव धरलं. ते पाणी गंजातून झिरपलेलं नव्हतं, गॅसमधल्या हायड्रोजनचं होतं. मुलीला हे आज संध्याकाळीच दाखवा, खर्च काही नाही. हा ६५.१ चा ताळा कुठून आला ते पुढे तिच्याकडूनच करून घेऊ.

वायू तोलायचा राहून गेला म्हणून फसलेले आजोबा एकटे नाहीत. रॉबर्ट बॉईलसारखा मोठा शास्त्रज्ञ तिथंच घसरला. त्यानं काचेच्या बंद भांड्यात कथील तापवलं, मग भांडं उघडलं (हवा फुसकन आत शिरल्याचा आवाजही त्यानं ऐकला) आणि त्यानंतर वजन केलं. वजन वाढलेलं! १६७३ साली त्यानं निष्कर्ष छापला की आगीचे कण काचेतून आत शिरतात. शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये, लॅव्हाझिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं तेच केलं, फक्त क्रम बदलला. वजन आधी केलं, उघडलं नंतर. बंद असताना वजन तसूभर हललं नाही. उघडल्यावर हवा आत गेली तेव्हाच वाढलं, आणि जेवढी हवा गेली तेवढंच. १७८९ च्या आपल्या पुस्तकात त्यानं हा नियम स्वच्छ मांडला: अभिक्रियेच्या आधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढंच राहतं. हा माणूस पोटापाण्यासाठी सरकारी कर गोळा करणाऱ्या मंडळीत भागीदार होता, जमाखर्चात मुरलेला. त्याच भागीदारीपायी फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला. द्रव्य अक्षय्यतेचा नियम एका हिशेबी माणसाच्या हातून पक्का झाला, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

माझीही एकदा फजिती झाली आहे. एका क्लासमध्ये नवा होतो तेव्हाची गोष्ट. बाटलीत व्हिनेगर, तिच्या तोंडाला फुगा, फुग्यात खाण्याचा सोडा. फुगा उलटा केला की सोडा आत पडतो, फसफसतं, फुगा फुगतो, आणि सगळं बंद असल्यामुळे काट्यावरचा आकडा हलायला नको. मी मोठ्या ऐटीत चार ग्रॅम सोडा घातला. फुगा टम्म फुगला, आणि आकडा चक्क एक ग्रॅमनं उतरला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नियम फेल गेला ना जी!" मी फुगा गळत असेल म्हणून सांगितलं. पुन्हा केलं, दोरा गच्च बांधून. पुन्हा एक ग्रॅम कमी.

रात्री डोक्यात प्रकाश पडला. फुग्यानं साधारण एक लिटर जागा व्यापली, म्हणजे तेवढी हवा बाजूला सारली. आपल्या उन्हाळी हवेचं एका लिटरचं वजन १.१ ग्रॅमच्या आसपास असतं. पाण्यात बुडवलेली बादली हलकी लागते, तसा हवेत 'बुडालेला' फुगा हलका लागतो. वस्तुमान होतं तेवढंच होतं, काट्याला ते कमी वाटलं. हा फुग्याचा प्रयोग अजूनही पुष्कळ ठिकाणी 'नियम सिद्ध करण्यासाठी' दाखवतात. ढोबळ काट्यावर तो खपून जातो, बारीक काट्यावर तो खोटं बोलतो.

म्हणून घरी करायचा तर फुगा नको. कोल्ड ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या, फुगत नाही अशी. काचेची अजिबात नको. आत व्हिनेगर अर्धी वाटी, कागदाच्या पुडीत २ ग्रॅम सोडा. पुडी बाटलीत सरकवून झाकण लगेच घट्ट लावा. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, इतवारीच्या बाजारात सहज मिळतो. आधी पुडी बाहेर असताना बाटली, झाकण, पुडी सगळं मिळून वजन घ्या, मग फसफस थांबल्यावर बंद बाटलीचं. आकडा तोच. आता झाकण हळूच सैल करा. फुस्स आवाज येतो आणि आकडा उतरतो. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम वायू सुटतो, म्हणजे २ ग्रॅममधून ग्रॅमभर. त्यातला थोडा पाण्यात विरघळून राहतो, म्हणून घसरण ग्रॅमपेक्षा जरा कमीच दिसेल. सोडा २ ग्रॅमपेक्षा जास्त घालायचा नाही, आणि मोठ्या माणसानं सोबत थांबायचं. हौशीनं चार चमचे टाकणारे पठ्ठे मी पाहिलेत.

तो फुस्स आवाज म्हणजे वजन निघून चालल्याचा आवाज. मुलीनं तो कानानं ऐकला की पहिली गाठ सुटली.

दुसरी गाठ सोडवण्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरू, कारण तो खास आपल्या नागपूरचा आहे. आपली मुलं शाळेत मराठीत शिकतात आणि मोबाइलवर हिंदीत व्हिडिओ पाहतात. मराठीत मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण तो अणू, आणि अणू एकत्र येऊन बनतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. म्हणजे हिंदीतला 'अणु' हा आपला रेणू! म्हणून आपण अणुऊर्जा म्हणतो आणि हिंदीवाले परमाणु ऊर्जा. व्हिडिओत 'अणुओं की संख्या' ऐकून पोर इकडे अणू मोजायला बसतं आणि सगळं उलटंपालटं होतं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे 'समजतच नाही' म्हणून आलेल्या पोरांपैकी कित्येकांचा रोग एवढाच निघाला. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन शब्द समोरासमोर लिहून ठेवायला सांगा.

आता पुडा.

रेणू म्हणजे कंपनीतून सीलबंद आलेला पुडा समजा. पाण्याच्या पुड्यात २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन, कायमचं. सूत्रात खाली लिहिलेला बारीक आकडा हा पुड्यातला माल. सूत्राच्या आधी लिहायचा मोठा आकडा म्हणजे असे पुडे किती. समीकरण जुळवणं म्हणजे बाणाच्या दोन्हीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आणणं. ते करताना पुडे वाढवता येतात, पुडा फोडून आत एक बिस्किट जास्तीचं सरकवता येत नाही.

पोरं विचारतात, "सर, खालचा आकडा बदलला तर काहून नाही चालत? बेरीज तर जुळते ना." बेरीज जुळते, पण मालच बदलतो. पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन जास्त लिहिला की ते पाणी राहत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायला आणि केसांचा रंग उडवायला वापरतात ते. तुमच्या मुलीनं समीकरण 'जुळवण्यासाठी' उजवीकडे तेच लिहिलं, तर कागदावर ती पाण्याच्या ग्लासात पेरॉक्साइड भरून देतेय. त्याहून वाईट उदाहरण कार्बन डायऑक्साइडचं. त्यातला ऑक्सिजनचा एक अणू कमी केला की होतो कार्बन मोनॉक्साइड. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून खोलीत सिगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. एका बारीक आकड्याचा फरक. हे सांगितल्यावर वर्गात जरा शांतता पसरते. मुद्दाम सांगतो मी.

तर मग पुडे किती घ्यायचे, ते ठरवायचं कसं?

सिलिंडरमधलं ब्यूटेनच घेऊ. ब्यूटेनच्या पुड्यात ४ कार्बन, १० हायड्रोजन. ऑक्सिजन वायूच्या पुड्यात ऑक्सिजनचे २ अणू, जोडीनंच फिरतात. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड (१ कार्बन, २ ऑक्सिजन) आणि पाणी.

सगळ्यात गुंतागुंतीचा पुडा धरून सुरुवात करायची, इथे ब्यूटेन. तो एक घेतला. त्यातले ४ कार्बन कुठे जाणार? कार्बन डायऑक्साइडमध्येच, दुसरी जागा नाही. म्हणून ४ कार्बन डायऑक्साइड. १० हायड्रोजन फक्त पाण्यात जाऊ शकतात, एका पाण्यात दोन मावतात, म्हणून ५ पाणी. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: ४ गुणिले २ झाले ८, अधिक ५ पाण्यांचे ५, एकूण १३. डावीकडे ऑक्सिजन दोन-दोनच्या जोडीत येतो. १३ च्या किती जोड्या? साडेसहा.

इथं पोरं घाबरतात आणि मागे जाऊन ब्यूटेनशीच खेळ करत बसतात. घाबरू नका, साडेसहा लिहा! अर्धा रेणू नसतो हे खरं, पण हिशेब चालू असताना अर्ध्याला हरकत नाही. शेवटी सगळ्याची दुप्पट करायची:

२ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

ऑक्सिजन शेवटी का घेतला? तो एकटा उभा आहे. त्याचा आकडा बदलला तरी दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडत नाही. जो माल एकट्याच्या पुड्यात येतो, मग तो ऑक्सिजन असो, हायड्रोजन वायू असो की लोखंड, त्याला रांगेत शेवटी उभा करायचा. आणि जो दोन-तीन पुड्यांत विभागला गेलाय त्यालाही आधी हात लावायचा नाही. मी शिकवलेल्या सगळ्या युक्त्यांत ही एकच खरी कामाची. बाकीच्या तिच्या लेकी-सुना.

आता तो ६५.१ चा ताळा मुलीला करू द्या. कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ धरायचा. एक ब्यूटेन ५८, त्याला लागणारे साडेसहा ऑक्सिजन २०८, बेरीज २६६. उजवीकडे ४ गुणिले ४४ म्हणजे १७६, ५ गुणिले १८ म्हणजे ९०, बेरीज २६६. हेच प्रमाण १४.२ किलोंना लावलं की सिलिंडरचे आकडे निघतात. परीक्षेत वेळ उरला तर उजळणी अशीच करावी. अणू मोजताना चूक झाली असेल तर वजनाच्या बेरजेत सापडते.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. मनसर, गुमगाव इथल्या खाणींतून मँगनीजचं काळं खनिज निघतं. त्यातलं मँगनीज डायऑक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लात तापवलं की पिवळट हिरवा क्लोरीन सुटतो. शेले या रसायनतज्ज्ञाला १७७४ मध्ये क्लोरीन प्रथम सापडला तो याच मार्गानं. विषारी वायू आहे, घरी हे करायचं नाही. कागदावर मात्र जरूर करा. डावीकडे मँगनीज डायऑक्साइड (१ मँगनीज, २ ऑक्सिजन) आणि हायड्रोक्लोरिक आम्ल (१ हायड्रोजन, १ क्लोरीन). उजवीकडे मँगनीज क्लोराइड (१ मँगनीज, २ क्लोरीन), पाणी आणि क्लोरीन वायू (२ क्लोरीन).

बहुतेक पोरं क्लोरीनपासून सुरू करतात आणि २ आम्ल लिहून फसतात. क्लोरीन उजवीकडे दोन पुड्यांत वाटला गेलाय, त्याला शेवटी ठेवा. ऑक्सिजनचे २ अणू जाणार फक्त पाण्यात, म्हणून २ पाणी. २ पाण्यांना ४ हायड्रोजन लागतात, ते येणार फक्त आम्लातून, म्हणून ४ आम्ल. त्यासोबत ४ क्लोरीन आपोआप आले: २ मँगनीजला चिकटले, उरलेले २ वायू होऊन उडाले. जुळलं.

१ मँगनीज डायऑक्साइड + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ मँगनीज क्लोराइड + २ पाणी + १ क्लोरीन

एकदाही अंदाज करावा लागला नाही. प्रत्येक पायरीवर 'हा अणू दुसरीकडे कुठं जाऊ शकतो का?' एवढाच प्रश्न विचारला.

सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड अशी टोळीनं फिरणारी मूलकं दोन्हीकडे जशीच्या तशी असतील तर त्यांना सुटं करू नये. तुरटीच्या कुळातलं ॲल्युमिनियम सल्फेट आणि चुन्याची निवळी (म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड) एकत्र आली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा फुगीर साका बसतो आणि कॅल्शियम सल्फेट होतं. ॲल्युमिनियम सल्फेटच्या पुड्यात २ ॲल्युमिनियम आणि ३ सल्फेट. म्हणून ३ कॅल्शियम सल्फेट, म्हणून ३ कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणून २ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. झालं. इथं ऑक्सिजन एकेक करून मोजत बसलात तर दोन्हीकडे १८ भरतील, पण तोवर पेपरची घंटा होईल.

आणि काही समीकरणांना काहीच करावं लागत नाही. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड: एकास एक, एकास एक. तरी पोरं उगाच दोन-दोन लावतात, काहीतरी केल्याशिवाय मार्क मिळणार नाहीत या भीतीनं. २, २, २ लिहिलं तर चूक म्हणवत नाही, पण सगळ्यांना भाग जात असेल तर भाग द्यावा.

अकरावीत गेल्यावर अणूंसोबत विद्युतभारही जुळवावा लागतो. आत्ता त्याची घाई नाही, एक झलक देतो. चांदी शुद्ध करण्याची एक जुनी रीत आहे. अशुद्ध चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडतात. तांबं विरघळू लागतं, चांदी भुरभुरीत होऊन तळाला बसते. 'एक तांबं जातं, एक चांदी येते' असं लिहिलं तर अणू जुळतात, तरी समीकरण चूक आहे. तांब्याचा आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू) दोन धनभार घेऊन जातो, चांदीचा एकच घेऊन आलेला असतो. म्हणून एका तांब्यामागे दोन चांदी. ६३.५ ग्रॅम तांबं खर्च होतं तेव्हा २१६ ग्रॅम चांदी हाती येते. एकास एक धरणाऱ्याचा हिशेब निम्म्यानं चुकेल, आणि माल चांदीचा आहे.

पाठ करण्याबद्दल विचारलंत. खरं सांगू? नेहमीची दहा-पंधरा समीकरणं घोकली तर दहावीचे मार्क निघून जातात, क्लासचे सर त्या हिशेबानं चुकत नाहीत. पण अकरावीत मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) आला की घोकलेलं सगळं कोसळतं, कारण तिथे त्या मोठ्या आकड्यांवरूनच पुढचं गणित उभं राहतं. माझ्याकडे नव्वद टक्क्यांची पोरं दिवाळीच्या आसपास रडकुंडीला येतात ती यामुळेच. एक मात्र पाठ करावंच लागतं, ते म्हणजे संयुजा (एखादा अणू दुसऱ्यांशी किती जोड्या करू शकतो तो आकडा) आणि मूलकं. त्याला पर्याय नाही. कारण पुड्यात माल किती हे त्यावरून ठरतं, आणि सूत्रच चुकलं तर जन्मात समीकरण जुळणार नाही. मुलगी अर्धा तास एकाच समीकरणाशी झटत असेल तर आकडे सोडून द्या, आधी सूत्रं तपासा. दहातल्या सात वेळा तिथंच ॲल्युमिनियमची संयुजा दोन धरलेली सापडते.

आणखी एक, तिला वर्गात कुणी सांगणार नाही म्हणून. समीकरण जुळलं म्हणजे ती अभिक्रिया घडते, असं नाही. एक तांबं आणि दोन हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन: कागदावर सुरेख जुळतं. प्रत्यक्षात विरल आम्लात तांब्याची तार महिनाभर ठेवा, हायड्रोजनचा एक बुडबुडा येणार नाही. जमाखर्च बरोबर असला तरी सौदा झालाच होता असं त्यावरून ठरत नाही. काय घडतं ते प्रयोगानं कळतं, संतुलन त्याच्या मागून येतं.

आजोबा फारच खोलात शिरले आणि आइनस्टाइनचं नाव काढलं, तर तेही खरं आहे. जळताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे तेवढं वस्तुमान घटतं. पण किती? १६ ग्रॅम मिथेन जाळला तर घट येते ती एका ग्रॅमच्या साधारण दहा कोटीव्या भागाएवढी. तेवढं दाखवणारा काटा आपल्या इतवारीत तरी मिळायचा नाही.

शेवटी मुलीला एक काम. कूलरच्या ताट्यांवर आणि टाकीत उन्हाळाभर पांढरा थर धरला असेल, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट (१ कॅल्शियम, १ कार्बन, ३ ऑक्सिजन). तो निंबूसत घातलेल्या पाण्यानं काढतात, तेव्हा फसफस होते. निंबूसत म्हणजे सायट्रिक आम्ल: ६ कार्बन, ८ हायड्रोजन, ७ ऑक्सिजन. तयार होतं कॅल्शियम सायट्रेट, ज्याच्या पुड्यात ३ कॅल्शियम आणि २ सायट्रेट असतात, आणि एका सायट्रेटमध्ये ६ कार्बन, ५ हायड्रोजन, ७ ऑक्सिजन. शिवाय पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम सायट्रेटचा पुडा धरून सुरू करायला सांगा, ऑक्सिजनकडे शेवटपर्यंत पाहू देऊ नका. दोन्हीकडे ऑक्सिजनचे २३ अणू भरले तर बरोबर आलं. नाही भरले तर तिची वही जशी आहे तशी, खोडाखोडीसकट, फोटो काढून पाठवा.